कोरोना होऊन गेल्यावर घेतलेली लस शरीरात नेमके काय करते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एप्रिल २०२१ च्या लाटेत घरातल्या चौघांनाही कोरोना झाला आणि सगळे बरे झाले. काही महिन्यांनी सर्वांनी कोव्हिशील्ड घेतली, तेव्हा आपल्या पत्नीला दोन दिवस सणकून ताप आला, तर कोरोना कधीच न झालेल्या शेजाऱ्यांचा नुसता दंड दुखला. आता सत्तरी ओलांडलेल्या आणि मधुमेह असलेल्या आपल्या वडिलांच्या अँटीबॉडी चाचणीवर लस घेण्याआधीच ‘२५० पेक्षा जास्त’ असा आकडा आला होता. मग लस वाया गेली का, पुढे पुन्हा घ्यावी का, आणि गेल्या पावसाळ्यात मुलीला डेंगी होऊन गेला असल्यामुळे डेंगीची लस आल्यावर तिलाही हाच न्याय लावावा का, असे आपण विचारले आहे.

लस वाया गेलेली नाही. उलट, कोरोनातून बरे झालेल्या माणसाला लसीच्या पहिल्याच डोसाने जितका लाभ होतो, तितका कधीच लागण न झालेल्या माणसाला दोन डोसांनीही अनेकदा होत नाही. मात्र हे विधान प्रत्येक विषाणूला सरसकट लागू होत नाही, आणि डेंगीच्या बाबतीत तर ते फार जपून करावे लागते. दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. लस शरीरात जाते तेव्हा तिथे आधीपासून कोणती स्मृती बसलेली आहे, ती किती जुनी आहे आणि नेमक्या कोणत्या विषाणूची आहे, यावर लसीचे फळ ठरते.

आजारातून उठलेल्या माणसाच्या शरीरात काय शिल्लक राहते, तिथून सुरुवात करतो. रक्तात फिरणारी प्रतिपिंडे, म्हणजे ज्यांना आपण अँटीबॉडी म्हणतो, ती या शिल्लकीतला फक्त एक भाग आहेत. आजाराच्या पहिल्या काही आठवड्यांत ती झपाट्याने वाढतात आणि मग उतरू लागतात, कारण ती तयार करणाऱ्या बहुतेक पेशी अल्पायुषी असतात. २०२० मध्ये हा उतार पाहून अनेक वृत्तपत्रांनी ‘प्रतिकारशक्ती तीन महिन्यांत संपते’ असे छापले, आणि त्याने लोक विनाकारण घाबरले. प्रत्यक्षात काही पेशी हाडांच्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, जाऊन मुक्काम करतात आणि तिथून थोडी थोडी प्रतिपिंडे वर्षानुवर्षे सोडत राहतात. अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी सौम्य कोरोना होऊन सात-आठ महिने झालेल्या लोकांच्या मगजाचे नमुने तपासले, तेव्हा बहुतेकांत अशा पेशी सापडल्या. प्रतिपिंडांचा उतार हा सुरुवातीचा पूर ओसरण्याचा प्रकार होता. झरा आटलेला नव्हता.

यापलीकडे आणखी दोन गोष्टी मागे राहतात. एक म्हणजे स्मृतिपेशी, ज्या स्वतः प्रतिपिंडे सोडत नाहीत, पण विषाणू पुन्हा दिसताच काही दिवसांत ती मोठ्या प्रमाणात तयार करू शकतात. दुसरी म्हणजे टी-पेशी, ज्या विषाणूने ग्रासलेल्या पेशी ओळखून नष्ट करतात आणि बी-पेशींना, म्हणजे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींना, कामाला लावतात. या दोन्हींचा पत्ता नेहमीच्या लॅबमधील रक्ततपासणीत लागत नाही. आजाराची तीव्रता कमी ठेवण्यात टी-पेशींचा वाटा मोठा असतो, त्यामुळे ज्याची प्रतिपिंडे कमी झाली आहेत तो माणूस पुन्हा आजारी पडला तरी बहुधा रुग्णालयापर्यंत जात नाही.

आता स्मृतिपेशी घडतात कशा, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण आपल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे तिथे आहेत. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, तशीच दंडात लस टोचल्यावर काही जणांच्या काखेत गाठ लागते. त्या गाठीत, म्हणजे लसिकाग्रंथीत, बी-पेशींचे दाट पुंजके तयार होतात. तिथे या पेशी भराभर विभागत असतात आणि प्रत्येक विभाजनाबरोबर आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकांत बारीक बदल करून घेत असतात. बदल झालेली प्रत्येक पेशी विषाणूच्या तुकड्यावर आपली पकड पाहते. जिची पकड घट्ट, तिला टी-पेशी पुढे जाऊ देतात, आणि जिची सैल, ती तिथेच मरते. ही निवड फेऱ्यांमागून फेऱ्या चालू राहते. कोरोनाच्या बाबतीत ती रोगी बरा होऊन घरी गेल्यावर, त्याच्या नकळत, कित्येक महिने चालू असल्याचे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले. सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षाने घेतलेल्या नमुन्यांतील स्मृतिपेशींची प्रतिपिंडे पहिल्या महिन्यातील प्रतिपिंडांपेक्षा अधिक घट्ट पकडणारी आणि विषाणूची बदललेली रूपेही ओळखू शकणारी होती. म्हणजे रक्तातील प्रतिपिंडांचा आकडा खाली येत असतानाच स्मृतीचा दर्जा वर जात होता. या दोन वक्ररेषा परस्परांच्या उलट दिशेने जातात, ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते.

अशा तयार जमिनीवर लस पडते. कोव्हिशील्डमध्ये चिंपांझीच्या सर्दीच्या विषाणूचे निरुपद्रवी केलेले रूप असते आणि ते आपल्या पेशींना कोरोनाचे स्पाइक प्रथिन, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचे काट्यासारखे प्रथिन, बनवायला लावते. कोव्हॅक्सिनमध्ये संपूर्ण पण निष्क्रिय केलेला विषाणू असतो. कधीच लागण न झालेल्या माणसात लसीला सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. योग्य बी-पेशी शोधणे, टी-पेशी उभ्या करणे, निवडीच्या फेऱ्या सुरू करणे, आणि त्यात दोन आठवडे सहज जातात. बरे झालेल्या माणसात मात्र स्मृतिपेशी लागलीच जाग्या होतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयाच्या संशोधकांनी २०२१ च्या आरंभी लस घेणाऱ्यांच्या रक्ताचे नमुने ठरावीक दिवसांनी तपासले. आधी लागण होऊन गेलेल्यांत पाच ते आठ दिवसांतच प्रतिपिंडांची उंच पातळी दिसली. पहिल्या डोसानंतर त्यांची पातळी लागण न झालेल्यांपेक्षा १० ते ४५ पट होती, आणि लागण न झालेल्यांनी दुसरा डोस घेतल्यावरही हे अंतर सहा पटींहून अधिक राहिले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अभ्यासात तर बरे झालेल्या लोकांत दुसऱ्या डोसाने प्रतिपिंडांत किंवा स्मृतिपेशींत फारशी भर पडली नाही. जे व्हायचे ते पहिल्याच डोसात होऊन गेले होते.

हे दोन्ही अभ्यास एमआरएनए लसींचे होते, म्हणजे स्पाइक बनवण्याची सूचना थेट पेशींना देणाऱ्या फायझरसारख्या लसींचे, आणि त्या तेव्हा आपल्याकडे नव्हत्या. पण कोव्हॅक्सिनच्या बाबतीत चेन्नईतील आरोग्य कर्मचाऱ्यांवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या छोट्या अभ्यासातही तोच कल दिसला: आधी कोरोना झालेल्यांच्या एका डोसानंतरची पातळी, न झालेल्यांच्या दोन डोसांनंतरच्या पातळीच्या तोडीची होती. फ्रान्सने फेब्रुवारी २०२१ मध्येच बरे झालेल्यांना एकच डोस पुरे, असे धोरण सुचवले होते. भारताने तसे केले नाही. लसींचा तुटवडा असताना तसे करायला हवे होते, असे काही तज्ज्ञांचे मत होते. मात्र कोणाला खरोखर लागण झाली होती हे आपल्याकडे ठरवणे सोपे नव्हते. चाचणी न करताच तापातून उठलेले लाखो लोक होते. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत केलेल्या पाहणीत झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली होती, आणि त्यांतील बहुतेकांच्या नावावर पॉझिटिव्ह रिपोर्ट नव्हता. अशा देशात सर्वांना दोन डोस देणे हाच व्यवहार्य मार्ग होता, असे मी आजही मानतो.

प्रतिपिंडांची संख्या वाढण्यापेक्षाही त्यांचा पल्ला वाढणे अधिक मोलाचे ठरले. आधी लागण झालेल्यांनी लसीचा एक डोस घेतल्यावर त्यांचे रक्त मूळ विषाणूलाच नव्हे, तर तोवर त्यांनी कधी न पाहिलेल्या दक्षिण आफ्रिकी बीटा रूपालाही निष्प्रभ करू लागले, आणि २००३ च्या सार्स विषाणूलाही काही अंशी रोखू लागले. महिनोन्‌महिने घासूनपुसून तयार झालेल्या स्मृतिपेशी लसीने एकदम बाहेर काढल्या, असा त्याचा अर्थ होतो. याची याहून ठळक साक्ष सिंगापूरमधून आली. २००३ मध्ये सार्समधून वाचलेल्या आठ जणांनी २०२१ मध्ये फायझरची लस घेतली. सतरा-अठरा वर्षांपूर्वीच्या एका विषाणूची स्मृती आणि आजच्या त्याच्या भाऊबंदावरची लस एकत्र आल्यावर त्यांच्या शरीरात अशी प्रतिपिंडे तयार झाली, जी दोन्ही विषाणूंना आणि वटवाघळे व खवल्या मांजरांतील त्यांच्या नातलग विषाणूंनाही रोखत होती. स्मृती किती दीर्घकाळ टिकते आणि लस तिला कशी नवी दिशा देऊ शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मानवी वैद्यकात क्वचितच सापडते.

यावर स्वाभाविक प्रश्न असा येतो की, आजारानेच इतकी चांगली स्मृती दिली असेल, तर लस हवीच कशाला? आपल्यासारख्या अनेकांनी हे विचारले आहे आणि प्रश्न अगदी रास्त आहे. याचे पहिले उत्तर हे की आजार सर्वांना सारखे शिकवत नाही. विषाणू शरीरात शिरताना सुरुवातीचे धोक्याचे संदेश दाबून टाकतो, म्हणजे इंटरफेरॉनची पहिली फळी तो मुद्दाम मंद करतो. लस असे काही करत नाही. एकाला लक्षणेच नव्हती, दुसऱ्याला नाकातच विषाणू अडला, तिसरा ऑक्सिजनवर गेला. तिघांच्या शरीराला मिळालेला विषाणूचा ‘डोस’ वेगळा आणि तिघांची स्मृतीही वेगळी. सौम्य लागण झालेल्या काहींत प्रतिपिंडे इतकी कमी तयार झाली की चाचणीत ती सापडलीही नाहीत. वयाचा फरक याहून गंभीर आहे. डेन्मार्कमध्ये २०२० च्या दोन लाटांची तुलना केली, तेव्हा पहिल्या लाटेतील लागणीमुळे दुसऱ्या लाटेत मिळालेले संरक्षण एकूण लोकसंख्येत सुमारे ८० टक्के होते, पण ६५ वर्षांवरील लोकांत ते अवघे ४७ टक्के भरले. आपल्या वडिलांच्या बाबतीत मी नुसत्या आजाराच्या स्मृतीवर विसंबून राहायला का तयार नाही, ते या आकड्यावरून लक्षात येईल.

दुसरे उत्तर प्रत्यक्ष परिणामांचे आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात २०२० मध्ये लागण झालेल्या लोकांची २०२१ मध्ये पाहणी झाली. ज्यांनी लस घेतली नव्हती, त्यांना पुन्हा लागण होण्याची शक्यता लस पूर्ण केलेल्यांच्या तुलनेत सुमारे २.३ पट निघाली. पुढे ओमिक्रॉनच्या काळातील अनेक अभ्यास एकत्र करून केलेले विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार केवळ लागण झालेल्यांना वर्षभरानंतर गंभीर आजारापासून सुमारे ७५ टक्के संरक्षण उरले होते, तर लागण आणि लस दोन्ही झालेल्यांना सुमारे ९७ टक्के. पुन्हा साधी लागण होण्यापासूनचे संरक्षण मात्र दोन्ही गटांत बरेच खाली आले होते: पहिल्यात सुमारे २५ टक्के, दुसऱ्यात सुमारे ४२ टक्के. म्हणजे लस घेऊनही सर्दी-ताप झाला म्हणून लस निकामी ठरत नाही. फुफ्फुसात न्यूमोनिया होऊ न देण्याचे काम ती करत असते.

या दुहेरी संरक्षणाला ‘संकरित प्रतिकारशक्ती’ असे नाव पडले आहे. त्यावरून एक फार घातक निष्कर्ष काढला गेला, तो म्हणजे आधी मुद्दाम लागण करून घ्यावी आणि मग लस घ्यावी. असे करणाऱ्याला विनवून सांगतो की, संकरित प्रतिकारशक्तीचे सारे आकडे हे जगलेल्या लोकांचे आकडे आहेत. एप्रिल २०२१ मध्ये ज्यांना खाट मिळाली नाही, ते या अभ्यासांत कुठेही मोजलेले नाहीत. शिवाय आधी लस आणि नंतर चुकून लागण, या क्रमानेही जवळपास तशीच व्यापक प्रतिकारशक्ती तयार होते. मग जोखमीचे पाऊल आधी टाकण्यात काहीच अर्थ नाही.

आता आपल्या पत्नीच्या तापाविषयी. पहिल्या डोसानंतर ताप, अंगदुखी, थंडी, थकवा हे सर्व आधी कोरोना होऊन गेलेल्यांत अधिक आढळते, हे अनेक देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे. त्याचे कारण वर आलेच आहे: स्मृतिपेशी आणि टी-पेशी लगेच सक्रिय होतात, एकमेकांना संदेश देणारी सायटोकाइन नावाची रसायने सोडतात, आणि ती मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्रापर्यंत पोहोचली की ताप येतो. लागण न झालेल्यांत हा वेग पहिल्या डोसाला नसतो. एमआरएनए लसींत तर त्यांना दुसऱ्या डोसानंतर जास्त त्रास होतो, त्याचेही कारण हेच. कोव्हिशील्डमध्ये वाहक विषाणूमुळे पहिल्या डोसाचा त्रास तसाही थोडा अधिक असतो, त्यामुळे पत्नीच्या बाबतीत दोन्ही कारणे एकत्र आली असावीत. मात्र यावरून ‘ताप आला म्हणजे लस लागू पडली, नाही आला म्हणजे पाणीच टोचले’ असे समजू नये. ताप न येताही उत्तम प्रतिपिंडे तयार झालेले लोक भरपूर आहेत. एक-दोन दिवसांचा ताप, पॅरासिटामॉलने उतरणारा, काळजीचा नाही. काखेत गाठ लागली तर तीही काही आठवड्यांत विरते. या काळात कोणा स्त्रीची स्तनांची मॅमोग्राफी ठरलेली असेल, तर लस कोणत्या दंडात आणि केव्हा घेतली, हे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे, म्हणजे त्या गाठीचा भलता अर्थ लावला जाणार नाही.

वडिलांच्या रिपोर्टकडे वळतो. ‘२५० पेक्षा जास्त’ हा आकडा आपल्याला फार मोठा वाटला, आणि तसे वाटणे साहजिक आहे. पण त्या काळी आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका किटची रक्त पातळ न करता मोजण्याची वरची मर्यादाच २५० होती. म्हणजे २६० असो वा २६,०००, रिपोर्टवर तेच छापून येई. दुसऱ्या कंपनीच्या किटचे एकक वेगळे, मर्यादा वेगळी. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. त्यातही चाचणी स्पाइक प्रथिनाविरुद्धची होती की विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धची, हे पाहावे लागते. कोव्हिशील्ड शरीराला फक्त स्पाइक दाखवते, त्यामुळे ती घेतलेल्या माणसात न्यूक्लिओकॅप्सिडची प्रतिपिंडे सापडली तर त्याला कधीतरी खरीखुरी लागण झाली होती, असे म्हणता येते. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांत हा भेद चालत नाही, कारण त्या लसीत दोन्ही प्रथिने असतात. आणि हे सगळे समजून घेतल्यावरही, किती आकडा म्हणजे सुरक्षित, अशी एका माणसासाठी वापरता येईल अशी सर्वमान्य रेषा ठरलेली नाही. म्हणून निरोगी माणसाने लस घ्यायची की नाही हे ठरवण्यासाठी ही चाचणी करू नये, असे मी रुग्णांना सतत सांगत आलो आहे. प्रत्यारोपण झालेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घेणारे रुग्ण हा अपवाद आहे. तिथे डॉक्टर चाचणीचा उपयोग करून घेतात.

प्रतिपिंडे भरपूर असताना लस घेतली तर ती वाया जाते का, या आपल्या शंकेत मात्र तथ्य आहे. रक्तात प्रतिपिंडे गच्च भरलेली असताना लसीतून आलेले प्रथिन ती लगेच झाकून टाकतात आणि स्मृतिपेशींना त्यावर पकड घ्यायला जागाच उरत नाही. शिवाय गाठींमधील निवडीच्या फेऱ्या अजून चालू असतात, त्या पुऱ्या होण्याआधीच त्यांत ढवळाढवळ होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील अभ्यासात लागण आणि बूस्टर यांत १८० दिवसांहून कमी अंतर असलेल्यांत प्रतिपिंडांची आणि बी-पेशींची वाढ नगण्य होती. अंतर जास्त असलेल्यांत ती चांगली दिसली. आपल्याकडे केंद्र सरकारने १९ मे २०२१ रोजी बरे झाल्यानंतर तीन महिने थांबून लस घ्यावी, असा नियम केला, तो या दृष्टीने योग्यच होता. त्यात लसींच्या तुटवड्याचाही विचार असणार, पण शास्त्र त्याच्या बाजूने होते. आपण सर्वांनी काही महिने थांबून लस घेतली, म्हणजे वेळही बऱ्यापैकी साधली. घाईने महिन्याभरात घेतलेल्यांचे काही बिघडले असे नाही. फक्त लाभ थोडा कमी झाला.

अंतर आणखी वाढवले की लाभ वाढतच जाईल, असेही नाही. थांबण्याच्या काळात माणूस उघडा राहतो, आणि साठीपुढच्या माणसाला ही किंमत जास्त पडते. म्हणून तरुणाला सहा महिने थांबायला सांगताना मला काही वाटत नाही, पण वृद्धाच्या बाबतीत लाट वर चढत असेल तर तीन महिन्यांवर मी थांबवत नाही.

लसीची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. शरीर विषाणूचे जे पहिले रूप पाहते, त्याचा ठसा खोल उमटतो. नंतर बदललेले रूप आले तरी जुन्याशी जुळणारे भागच आधी ओळखले जातात, आणि नव्या भागांविरुद्धची प्रतिपिंडे मागे पडतात. इन्फ्लुएंझाच्या अभ्यासातून ही गोष्ट अनेक दशकांपूर्वीच लक्षात आली होती. ओमिक्रॉननंतर कोरोनातही ती दिसली, आणि त्यामुळेच जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने मे २०२३ मध्ये मूळ वुहान रूप लसीतून वगळण्याची शिफारस केली. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीची ओमिक्रॉनवरील एमआरएनए लस त्याच सुमारास मंजूर झाली. दुसरी मर्यादा जागेची आहे: दंडात टोचलेली लस रक्तात प्रतिपिंडे भरते, पण नाक-घशाच्या ओलसर अस्तरावर तिचा पहारा विरळ असतो. तिथे आजाराने तयार केलेल्या पेशी उपयोगी पडतात. आधी लागण झालेल्यांत दंडातील लसीनेही नाकातील आयजीए प्रतिपिंडे काहीशी वाढतात, लागण न झालेल्यांत फारच कमी. नाकावाटे द्यायची भारत बायोटेकची लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली, तिच्यामागे हाच विचार होता.

तेव्हा वडिलांसाठी माझे मत असे. त्यांना आजार आणि लस दोन्हींची स्मृती आहे, ही जमेची बाजू आहे. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण वय आणि मधुमेह यांमुळे संरक्षण लवकर उतरते. शेवटच्या डोसाला किंवा लागणीला वर्ष होऊन गेले असेल आणि अद्ययावत रूपावरची लस मिळत असेल, तर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून ती घ्यावी. जुन्या मूळ रूपावरची लस पुन्हा पुन्हा घेण्यात मला फारसे हशील दिसत नाही. दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोकोकसची लस त्यांना मिळाली आहे का, हेही पाहा. कोरोनाच्या चर्चेत या दोन लसी मागे पडल्या आहेत आणि मधुमेही वृद्धांचे त्यात नुकसान होते. साखर आटोक्यात असेल तर लसीला प्रतिसादही चांगला मिळतो.

राहिला डेंगीचा प्रश्न, आणि इथे कोरोनाचा न्याय लावू नका. डेंगीचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण मिळते, पण उरलेल्या तिघांविरुद्धची प्रतिपिंडे काही काळाने अशा अर्धवट पातळीवर येतात की ती विषाणूला रोखू शकत नाहीत. उलट त्याला चिकटून पांढऱ्या पेशींच्या आत जायला वाट करून देतात. म्हणून दुसऱ्यांदा होणारा डेंगी अनेकदा पहिल्यापेक्षा तीव्र असतो. सनोफी कंपनीच्या डेंगवॅक्सिया लसीच्या बाबतीत याच गोष्टीने मोठा अनर्थ घडवला. फिलिपिन्समध्ये एप्रिल २०१६ पासून आठ लाखांहून अधिक शाळकरी मुलांना ती देण्यात आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले की, ज्यांना आधी कधीच डेंगी झाला नव्हता, त्यांच्यात लस घेतल्यानंतर तीव्र डेंगीचा धोका वाढतो. अशा मुलांत लसीने पहिल्या लागणीची जागा घेतली होती, आणि नंतर डास चावून झालेली खरी लागण शरीराच्या दृष्टीने दुसरी ठरली. ज्यांना आधी डेंगी होऊन गेला होता, त्यांना मात्र त्याच लसीने चांगले संरक्षण दिले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने ही लस देण्याआधी रक्त तपासून पूर्वीची लागण निश्चित करावी, असा सल्ला दिला. कोरोनात पूर्वीच्या आजाराने लसीचा लाभ वाढतो. या लसीत पूर्वीचा आजार असणे ही लस देण्याची अटच होऊन बसली. मनिलातील पालकांचा सगळ्याच लसींवरचा विश्वास यामुळे डळमळला, आणि पुढे तिथे गोवराची मोठी साथ आली, ही या प्रकरणाची सर्वांत दुःखद बाजू आहे.

नंतरच्या लसी हा दोष टाळण्याच्या प्रयत्नाने बनवलेल्या आहेत. भारतात पॅनेशिया बायोटेकने तयार केलेल्या एका डोसाच्या, चारही प्रकारांवरील लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात १०,००० हून अधिक प्रौढ स्वयंसेवकांचा समावेश ठरला. आधी डेंगी झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही गटांतील निकाल वेगवेगळे पाहिल्याशिवाय अशा कोणत्याही लसीबद्दल मत देणे मी योग्य मानत नाही. आपल्या मुलीला डेंगी होऊन गेला असल्याने लस उपलब्ध होईल तेव्हा ती बहुधा अनुकूल गटात मोडेल. पण तेव्हा डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील की तो डेंगीच होता हे कशावरून. पावसाळ्यात तापासोबत प्लेटलेट कमी झाल्या की आपल्याकडे डेंगी म्हणून मोकळे होतात, आणि त्यांतील काही ताप दुसऱ्याच विषाणूंचे असतात. तेव्हा तिच्या त्या वेळच्या एनएस-१ आणि आयजीएम चाचण्यांचे कागद काढून पाहा. दोहोंपैकी एखादी पॉझिटिव्ह असेल तर ते कागद तिच्या लसीकरणाच्या कार्डाला जोडून ठेवा. नुसत्या प्लेटलेटच्याच नोंदी असतील तर जुनी लागण दाखवणाऱ्या डेंगीच्या आयजीजी चाचणीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.